दुष्काळी कामावरचा उपाशी माणूस आईला पाठुंगळी घेऊन एका रात्रीत चाळीस मैल चालू शकेल का?

प्रश्न – कथेकरी

मी १८७६-७७ च्या दख्खनमधील दुष्काळावर कादंबरी लिहीत आहे. तिचा नायक विशीतला कुणबी आहे. तो नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी कामावर चार महिने खडी फोडतो, मजुरीत कपात झाल्यावर काम सोडतो आणि चार दिवस पोटात अन्नाचा कण नसताना आजारी आईला पाठुंगळी घेऊन एका रात्रीत चाळीस मैलांवरचे मामाचे गाव गाठतो. तिथे तो भरपेट जेवतो आणि दुसऱ्या दिवशी मामाच्या विहिरीवर मोट धरतो. हस्तलिखित वाचलेल्या एका स्नेह्यांच्या मते हे शरीराला झेपणारे नाही. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, आईसाठी माणूस काय वाटेल ते करतो. ज्या माणसांनी तो दुष्काळ भोगला त्यांच्या देहाविषयी खोटे लिहिण्याची माझी इच्छा नाही. यात नेमके काय अशक्य आहे?

उत्तर – शरीरविज्ञान शिकवणारा

चार दिवसांचा उपास हा या प्रसंगातला सर्वांत कमी अडचणीचा भाग आहे. खरी अडचण त्याआधीच्या चार महिन्यांत आहे. धडधाकट माणसाच्या यकृतातली साखर साधारण एका दिवसात संपते, त्यानंतर शरीर चरबीवर चालू लागते आणि काही दिवसांत मेंदूही चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर बराचसा भागवू लागतो. क्रांतिकारक जतींद्रनाथ दास १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर मरण पावले, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण ते अंथरुणावर होते. आपला नायक ओझे घेऊन चालतो आहे.

महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून श्रम करणाऱ्या देहाचे काय होते, याची सर्वांत काटेकोर नोंद अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी केली. ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने रोज सुमारे १,६०० कॅलरींवर राहून आठवड्याला ३५ किलोमीटर चालण्याचे मान्य केले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, नाडी मंदावली, पाय सुजले, भर उन्हाळ्यात ते थंडीने कुडकुडत. ते ताटे चाटून पुसत, पाककृतींची पुस्तके तासन्‌तास वाचत आणि क्षुल्लक कारणावरून एकमेकांवर खेकसत. मला सर्वांत बोलकी वाटते ती गोष्ट अशी की, हाताच्या पकडीची ताकद त्या मानाने कमी घटली, पण दम टिकवून काम करण्याची शक्ती फारच ढासळली. म्हणजे आपला नायक आईला उचलू शकेल; उचलून चालत राहणे त्याला जमणार नाही. कथालेखक बहुधा इथेच चुकतात: भूक रंगवताना ते पोटातली आग आणि भोवळ लिहितात, पण जिना चढताना मध्येच थांबणारा, बसल्यावर उठण्याचा कंटाळा करणारा, भावनाच बोथट झालेला माणूस लिहीत नाहीत.

उत्तर – पायी वारी करणारा

मी केवळ चालण्यापुरते लिहितो. पुणे ते सासवड हा पालखीचा टप्पा दिवे घाटासह सुमारे तीस किलोमीटरांचा आहे आणि पोटभर जेवलेले वारकरीही तो संपल्यावर पाय चोळत बसतात. चाळीस मैल म्हणजे चौसष्ट किलोमीटर. पाठीवर माणूस घेतलेल्या सशक्त गड्याला तासाला दोन मैलांचा वेग धरला, तरी न थांबता वीस तास लागतील. रात्र तेवढी मोठी नसते. आईवरच्या मायेने आलेला आवेश खरा असतो, पण तो विहिरीत पडलेल्याला वर ओढण्यापुरता, काही मिनिटांचा असतो. चार मुक्काम करा, वाटेत एखाद्या गाडीवानाला भेटवा आणि दर फर्लांगाला आईला खाली ठेवायला लावा.

उत्तर – जुनी कागदपत्रे वाचणारा

आपल्या कथानकाला इतिहासाचा भक्कम आधार आहे, तो सोडू नये. १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी धडधाकट पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, अशी मजुरी पुरेशी ठरवली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. त्यातून मिळतात जेमतेम १,६०० कॅलरी. वर सांगितलेल्या प्रयोगातल्या तरुणांनाही जवळपास एवढेच मिळत होते, फरक इतकाच की ते खडी फोडत नव्हते आणि त्यांच्यावर डॉक्टरांची नजर होती. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मजुरीला कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्यामुळे नायकाचे काम सोडणे पूर्णपणे खरे वाटते. एवढ्या मजुरीत तो आईलाही भरवत होता, हे मात्र त्याचे वजन ठरवताना विसरू नये.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – कथेकरी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. चालण्याचा प्रसंग पाच दिवसांवर नेतो. मामाकडचे जेवण आणि मोट तरी ठेवता येईल का?

उत्तर – शरीरविज्ञान शिकवणारा

जेवणाने तर तो मरू शकतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम पोटभर पिष्टमय अन्न गेले की इन्शुलिन वाढते, रक्तातले फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढले जाते आणि हृदयाचा ठोका बिघडू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली काही माणसे अशीच दगावली. मामी जाणती असेल तर ती आधी वाटीभर पातळ पेज देईल, तीही थांबून थांबून, आणि पोरगा आणखी मागत रडत असताना भाकरीची टोपली उचलून ठेवेल. या भांडणात आपल्याला हवा तो आवेश मिळेल. मोटेचा प्रसंग मात्र निदान चार महिने पुढे ढकलावा, कारण मिनेसोटातल्या त्या तरुणांची ताकद तीन महिने वाढीव अन्न खाऊनही पूर्ण परतली नव्हती. तोवर त्याला पडवीत बसून दोर वळायला देता येतील.