कर खटला कोर्टात असताना सीझन तिकीट काढायचं की पैसे थांबवायचे?

गंगापूर रोड स्टॉपर
इंग्लंड-स्कॉटलंडचं फुटबॉल बघणारे नाशकात बरेच आहेत, म्हणून विषय काढतोय. क्लबवर कर खात्याने दावा लावला की चाहत्यांचं एकच पालुपद असतं: निकाल लागू दे, मग बोलू. माझ्या मते हे गप्प बसणंच सगळ्यात महागात पडतं.

ग्लासगोच्या रेंजर्सचं घ्या. २००१ ते २०१० या काळात खेळाडू आणि अधिकाऱ्यांना ट्रस्टमार्फत सुमारे ४ कोटी ७६ लाख पौंड गेले. तो पगार की कर्ज, यावर ब्रिटनचं कर खातं, म्हणजे एचएमआरसी, क्लबशी भांडत होतं. सगळे त्या निकालाकडे डोळे लावून बसले आणि क्लब बुडाला तो भलत्याच देण्यात. १४ फेब्रुवारी २०१२ ला दिवाळखोरीतल्या क्लबचा कारभार बघायला प्रशासक आले ते पगारातून कापलेला पण सरकारात न भरलेला कर आणि व्हॅट यांच्यापायी. थकबाकी सुमारे ९० लाख पौंड. ट्रस्टच्या त्या मोठ्या खटल्याचा पहिला निकाल नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, तोही बहुतांशी क्लबच्या बाजूने. तोवर जुनी कंपनी लिक्विडेशनच्या, म्हणजे गुंडाळली जाण्याच्या, वाटेला लागली होती आणि संघ चौथ्या पातळीवर खेळत होता.

म्हणून माझं मत: दावा लागला त्या दिवसापासून चाहत्यांनी चालू कर भरल्याचा पुरावा मागावा. मिळाला नाही तर सीझन तिकिटाचे पैसे थांबवावेत.

सातपूर नंबर १०
दादा, तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. चालू कर थकला कारण क्लब भलत्याच्या हातात गेला. आणि तो तसा गेला कशामुळे? खटल्याच्या टांगत्या तलवारीमुळेच. मे २०११ मध्ये तेव्हाचे मालक डेव्हिड मरे यांनी क्लब क्रेग व्हाइट यांना १ पौंडाला दिला. लॉइड्स बँकेचं साधारण १ कोटी ८० लाख पौंड कर्ज होतं, तेवढ्याला गिऱ्हाईक मिळालं असतं. पण उद्या कर खात्याचं किती कोटींचं देणं निघेल ते सांगता येत नसेल तर पैसेवाला माणूस हात लावत नाही. म्हणजे निकालाने क्लबला लागण्याआधीच मारलं.

त्यात चाहत्यांनी पैसे अडवले असते तर तोच क्लब वर्षभर आधी आडवा झाला असता. उन्हाळ्यात सीझन तिकिटांचा रोख पैसा येतो, त्यावर पुढचे कित्येक महिने पगार निघतात. ती आवक तोडणं म्हणजे पेशंटचं सलाइन काढणं.

निफाडकर
सीझन तिकिटाचा पैसा पगाराला जातो हे गृहीत धरू नका, भाऊ. व्हाइट यांनी लॉइड्सचं कर्ज स्वतःच्या खिशातून फेडलं नव्हतं. टिकेटस नावाच्या कंपनीला पुढच्या काही हंगामांची सीझन तिकिटं आगाऊ विकून दोन कोटींहून जास्त पौंड उचलले होते. आमच्याकडे कोणी पुढच्या तीन हंगामांची द्राक्षं आजच व्यापाऱ्याला देऊन सोसायटीचं कर्ज फेडलं, तर सातबारा कोरा होतो. पण ऑक्टोबर छाटणीला, औषधाला, मजुरीला पैसा आणणार कुठून? रेंजर्समध्ये नेमकी तीच ओढाताण झाली आणि कर खात्याला द्यायचे पैसे रोजच्या खर्चाला वापरले गेले.

व्हाइट यांच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि जून २०१७ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं, त्यामुळे गुन्ह्याची भाषा मी करत नाही. पण ज्या चाहत्याने श्रद्धेने तिकीट काढलं, त्याचा पैसा आधीच विकला गेला होता आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कॉलेज रोड सीए
मूळ योजना कशी चालायची ते समजल्याशिवाय हा वाद नीट घालता येणार नाही. क्लब पैसे मुख्य ट्रस्टला द्यायचा. ट्रस्ट खेळाडूच्या नावाने उप-ट्रस्ट काढायचा, लाभार्थी त्याचं कुटुंब. उप-ट्रस्ट खेळाडूला ‘कर्ज’ द्यायचा आणि ते त्याच्या मृत्यूनंतर इस्टेटीतून फेडलं तरी चालायचं.

आता हिशोब बघा. खेळाडूच्या हातात १ लाख पौंड निव्वळ पडायला हवेत. त्या काळातल्या वरच्या दराने ४० टक्के आयकर आणि १ टक्का राष्ट्रीय विमा कापायचा, म्हणजे ठोक पगार सुमारे १ लाख ६९ हजार. त्यावर मालकाचा १२.८ टक्के विमा धरला की क्लबचा खर्च १ लाख ९१ हजारांच्या घरात. ट्रस्टमधून दिलं की खर्च १ लाखाच्या आसपास. म्हणजे एका खेळाडूच्या पैशात जवळजवळ दोन.

निकालही मध्येच फिरला, म्हणून ‘उघड चोरी होती’ असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही. पहिल्या कर ट्रिब्युनलने दोन विरुद्ध एक मताने क्लबची बाजू घेतली, २०१४ मध्ये वरच्या ट्रिब्युनलनेही. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या वरच्या कोर्टाने, कोर्ट ऑफ सेशनने, ते उलटवलं आणि ५ जुलै २०१७ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कर खात्याच्या बाजूने शिक्कामोर्तब केलं. कामाचा मोबदला ठरल्याप्रमाणे तिसऱ्याच्या खात्यात गेला तरी तो मोबदलाच, त्यामुळे ट्रस्टला पैसे देतानाच कर कापायला हवा होता, हे त्याचं सार.

पंचवटी लेफ्ट बॅक
सीएसाहेब, ‘एका पैशात दोन खेळाडू’ हे तुम्ही हिशोब म्हणून सांगितलंत, मैदानावर त्याचा अर्थ काय होतो? त्या वर्षांत पूर्ण कर भरून खेळणारे बाकीचे क्लब हरत होते. खेळाडूंना ट्रस्टच्या पैशांबद्दल वेगळी पत्रं दिली होती आणि ती नोंदणीच्या वेळी फुटबॉल संघटनेपुढे ठेवली नव्हती. लॉर्ड निमो स्मिथ यांच्या आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यासाठी अडीच लाख पौंड दंड केला, पण मैदानावर गैरफायदा झाला नाही म्हणत विजेतेपदं तशीच ठेवली. मला हे आजही मान्य नाही. आयोग बसला तेव्हा ट्रिब्युनलचा निकाल क्लबच्या बाजूने होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो पायाच काढला, तरी विजेतेपदांचा प्रश्न पुन्हा उघडला गेला नाही.

चाहत्यांनी पैसे थांबवून काय होतं, असं विचारणाऱ्यांना एक दाखला. रेंजर्सची मालमत्ता विकत घेतलेल्या नव्या कंपनीला थेट वरच्या लीगमध्ये घ्यायचं का, यावर ४ जुलै २०१२ ला क्लबांनी मतदान केलं. त्याआधी इतर क्लबांच्या चाहत्यांनी अध्यक्षांना ठणकावलं होतं की रेंजर्सला आत घेतलंत तर आम्ही सीझन तिकीट काढणार नाही. रेंजर्सची गर्दी आणि टीव्हीचा पैसा हातचा जाणार हे माहीत असूनही बहुतेक क्लबांनी विरोधात मत दिलं. तिकीट न काढण्याची नुसती ताकीद पुरली.

सातपूर नंबर १०
ताई, ती दुसऱ्या क्लबांच्या चाहत्यांची ताकद झाली. स्वतःचा क्लब उपाशी मारायला ती वापरणं वेगळं. उलट बाजूचा आकडाही ऐका: १८ ऑगस्ट २०१२ ला चौथ्या पातळीवरच्या सामन्याला, ईस्ट स्टर्लिंगशायरविरुद्ध, रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर ४९,११८ लोक होते. ते लोक आले नसते तर आज वरच्या लीगमध्ये रेंजर्स दिसले नसते.

आणि स्टॉपरदादा, तुमच्या पुराव्याचंही सांगतो. मालक बदलला मे २०११ मध्ये, चालू कर थकायला लागला त्यानंतर. मे महिन्यात तुम्ही पुरावा मागितला असता तर तो स्वच्छच मिळाला असता. मग तिकीट काढलंच असतंत ना?

कॉलेज रोड सीए
पूर्ण स्वच्छ नसता मिळाला. एक छोटं प्रकरण होतं, १९९९ नंतरच्या काही वर्षांत वापरलेल्या वेगळ्या योजनेचं, ज्यात टोरे आंद्रे फ्लो आणि रोनाल्ड डी बोअर यांची नावं आली. त्याचं सुमारे २८ लाख पौंडांचं देणं क्लबने २०११ च्या एप्रिलमध्ये आलेल्या सहामाही हिशोबातच दाखवलं होतं. ते भरलं गेलं नाही आणि ऑगस्टमध्ये वसुली अधिकारी आयब्रॉक्सवर आले. मोठा खटला वादग्रस्त होता, हे देणं नव्हतं. वाद नसलेला कर थकला की समजावं, तिजोरीत खडखडाट आहे.

आपल्याकडे ऑडिटर नेमकी हीच वाटणी करून देतो. कंपनीच्या ऑडिट रिपोर्टला कारोचं, म्हणजे ऑडिटरने काय काय नोंदवायचं त्या सरकारी आदेशाचं, परिशिष्ट असतं, त्याचा सातवा मुद्दा काढा. पहिल्या भागात वाद नसलेली आणि सहा महिन्यांहून जास्त थकलेली सरकारी देणी असतात. दुसऱ्या भागात वादातली देणी, रक्कम आणि प्रकरण कोणत्या अपिलात अडकलंय ते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर १०० रुपये भरून कुठल्याही कंपनीची कागदपत्रं बघता येतात. दुसऱ्या भागात मोठा आकडा दिसला तर लगेच घाबरू नका. पहिल्या भागात लहान आकडा दिसला तरी सावध व्हा. पगारातून कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि उशिराला महिना दीड टक्का व्याज लागतं. हातात पैसा असलेला क्लब तो चुकवत नाही.

देवळाली कॅम्प गोली
सर, एक दुरुस्ती. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्यांना कारो लागू नाही. आणि आपल्या भागातले बहुतेक क्लब कंपनी नसतातच, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असतात. त्यांचा ताळेबंद न्यासांच्या नियमांतल्या आठव्या अनुसूचीत आणि उत्पन्न-खर्च नवव्या अनुसूचीत येतो, आणि नक्कल धर्मादाय कार्यालयात अर्ज करून घ्यावी लागते. त्यात करांची अशी वाटणी आयती मिळत नाही. ‘देणी’ या शीर्षकाखाली टीडीएस किंवा जीएसटी किती उरलाय ते शोधायचं आणि मागच्या वर्षीच्या रकमेशी ताडून बघायचं.

ब्रिटनमध्येही चित्र बदललंय. २०१२ मध्ये एचएमआरसी साधं धनको होतं. पण तडजोडीचा प्रस्ताव मंजूर व्हायला मूल्याने ७५ टक्के मतं लागतात आणि थकबाकीत त्यांचा वाटा एक चतुर्थांशाहून जास्त, त्यामुळे जूनमध्ये त्यांच्या एका नकाराने प्रस्ताव पडला आणि मालमत्ता ५५ लाख पौंडांना विकली गेली. १ डिसेंबर २०२० पासून व्हॅट आणि पगारातून कापलेला कर यांना प्राधान्य मिळतं, म्हणजे सामान्य धनकोंच्या आधी कर खातं.

गंगापूर रोड स्टॉपर
सातपूरच्या मुद्द्यात तथ्य आहे, एकदाच मागितलेला पुरावा पुरणार नाही. म्हणून मागणी अशी करतो: सीझन तिकिटाचे पैसे चार हप्त्यांत, आणि प्रत्येक हप्त्याआधी मागच्या तिमाहीचा पगारकर आणि व्हॅट भरल्याचं ऑडिटरचं एक पानी पत्र. शिवाय पुढच्या हंगामांची तिकिटं कुणाकडे गहाण किंवा विकलेली नाहीत, हे त्याच पानावर लेखी.

सातपूर नंबर १०
हप्ते आणि पत्र मान्य. पत्र आलं नाही तर हप्ता अडवायचा, हे अजूनही मान्य नाही. त्या तिमाहीत माळ्याचा आणि तिकीट खिडकीवरच्या माणसाचा पगार कशातून द्यायचा ते आधी सांगा.