मदत हवी आहे – भाकरीचे डबे सुरू करायचेत, पण कार्ब्सचं गणित जमेना

नमस्कार मंडळी, चिंचवडला राहते, घरूनच ज्वारीची भाकरी, एक उसळ, एक पालेभाजी असा दुपारचा डबा सुरू करायचा विचार आहे, सुरुवातीला फक्त १० डबे. आता ज्या दोन-तीन जणींना विचारलं त्या सगळ्या म्हणतात "वजन कमी होईल ना गं याने?" आणि मी गप्प!

कारण मी स्वतः मागे पोळी-भात, म्हणजे कार्ब्सवालं (कर्बोदकांचं) सगळं बंद केलेलं, आठवड्यात दोन किलो उतरले, मी खूश, मग परत खायला लागल्यावर तेवढेच आले. नंतर कळलं की शरीरात साठवलेल्या कार्ब्सबरोबर तिप्पट पाणी धरलेलं असतं, आधी तेच जातं. चरबी कुठची! आणि ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात पण ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब्स, म्हणजे गव्हाएवढेच की. एक ग्रॅम कार्ब्सच्या ४ कॅलरी, तेलाच्या ९, मग खरा घोळ माझ्या उसळीवरच्या तर्रीत आहे का?

तर डब्यावर "वेट लॉस" लिहू नये असं मला वाटतं, नुसतं "भाकरी डबा" बरं. तुम्हाला काय वाटतं? आणि एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन कोणी घरबसल्या केलंय का, कागदपत्रं काय लागली? दर कसा काढता, गॅस आणि स्वतःची मेहनत धरता की नाही?

अजून एक, पीठ उकळत्या पाण्यात मळूनही दुपारपर्यंत भाकरीच्या कडा कडक होतात, त्यावर काही उपाय?