मदत हवी आहे: अंगणातल्या क्रिकेटचे नियम

मंडळी, घरातल्या मुलांना आपलं अंगणातलं क्रिकेट शिकवायचंय. एक टप्पा एक हात आउट, पहिला ट्राय बॉल, कुंपणापलीकडे थेट गेला तर आउट आणि मारणाऱ्यानेच आणायचा, सगळ्यात लहान तो कच्चा लिंबू (हा नियम मला फार प्रिय), एवढं पक्कं आठवतं. चेंडू टेनिसचाच, तो 60 ग्रॅमच्या आत असतो, लेदरचा 160 च्या आसपास, आणि खिडक्या जवळ आहेत.

अडलंय ते इथे: खेळणारे तिघंच असतील तर धावा कशा मोजायच्या? भिंतीला लागला की दोन, असं काही होतं ना? आणि जमिनीवर आकडे लिहून वर बॅट झाकायची, त्यावरून बॅटिंगचा क्रम लागायचा, ते नेमकं कसं? तुमच्याकडचे नियमही सांगा, सगळे लिहून ठेवतेय.