मदत हवी आहे: 300 मीटरसाठी काडतूस कोणतं ठरवावं?

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. रायफल नेमबाजीत आतापर्यंत फक्त 50 मीटर प्रोन (पालथं झोपून) खेळलोय, .22 या छोट्या काडतुसाच्या रायफलवर. आता 300 मीटरला उतरायचंय. सरावाला गोव्याबाहेर जावं लागणार हे धरूनच चाललोय. पण रायफल बघण्याआधी काडतूस ठरवायला हवं, आणि घोडं तिथेच अडलंय.

डोक्यात तीन आहेत: .308 विंचेस्टर, 6.5 क्रीडमूर आणि 6 बीआर. .308 जुनंजाणतं, 1952 पासूनचं. क्रीडमूर 2007 चं. गोळी लांब, निमुळती, वारा कमी खाते. जो तो त्याचंच कौतुक करतो, पण ते सगळं हजार यार्डांच्या हिशेबात. मला 300 मीटरच्या पुढे जायचंच नाही.

बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरवर ताशी 10 किमीचा आडवा वारा घालून बघितला. .308 ची 175 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी 300 मीटरवर साधारण 13 सेंमी सरकते, क्रीडमूरची 140 ग्रेनची साडेनऊच्या आसपास. टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 10 सेंमी व्यासाचं, नऊचं 20. म्हणजे वाऱ्याकडे ढुंकूनही न बघता नेम बरोबर धरला तर एकाला आठ, दुसऱ्याला नऊ. 60 गोळ्यांत हे बरंच होतं. पण वारा वाचता येणाऱ्याला यातलं किती पदरात पडतं?

शिवाय इथली हवा. पावसाळ्यात कपाटातल्या स्लिंगच्या (रायफलच्या पट्ट्याच्या) चामड्यावर बुरशी धरते. काडतुसं हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवलेली पुरतील ना? घरी भरणार नाही, तयारच हवीत.

आणि हो, रानडुकरांसाठीचे सल्ले कृपया नकोत. कागदाचं टार्गेट, बस.

रंकाळा: भावा, उलटीकडनं सुरुवात केलीयस. आधी परवाना, मग काडतूस मिळतंय का, मग वारा. .308 आणि लष्कराचं 7.62×51 मापाला जवळपास एकच, त्यामुळं हा बोअर (नळीचं माप) परवान्याला मनाई असलेला धरतात का ते जिल्हाधिकारी कचेरीत लेखी विचार. तोंडी उत्तरावर रायफल बुक करू नकोस.

दुसरं, धक्का. .22 वाल्याला याची सवयच नसते. .308 वर पहिल्या वीस गोळ्या मजेत जातात, चाळिशीनंतर खांदा आधीच दचकतो आणि ट्रिगरवरचं बोट ओढ घेतं. 300 मीटरवाले 6 बीआरवर जातात ते उगाच नाही: हलकी गोळी, सौम्य धक्का. माझं मत तिकडंच. वाऱ्याचं म्हणशील तर .22 सारखा मास्तर नाही, ती सोडू नकोस. आमच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मारलं ते 50 मीटरवरच.

म्हापसेकर: बॅरलचाही हिशेब धरा. क्रीडमूरमध्ये जवळपास .308 एवढीच दारू बारीक नळीतून जळते, बॅरल लवकर झिजते. बदलायचा खर्च आणि कागदपत्रं दोन्ही आलीच. डबा ठीक आहे, पण रेंजवर काडतुसं उन्हात ठेवू नका. दारू तापली की गोळीचा वेग वाढतो.

डिचोलीकर (धागाकर्ता): धन्यवाद दोघांनाही. सोमवारी पणजीला कचेरीत अर्ज देतो. क्रीडमूर बाद. आता एकच: 6 बीआरची तयार काडतुसं भारतात कुणी मागवलीत का? मेक कुठली, आणि हातात पडायला किती दिवस लागले?