आईची वरची दाढ ऑपरेशन करून काढायची आहे, नेमकं काय काय होतं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या गुरुवारी कऱ्हाडला माझ्या आईची दाढ काढायची आहे. वय ६३. नुसती ओढून निघणार नाही, हिरडी उघडून, मुळं सुटी करून काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी बुधवारी रात्री पुण्याहून पोचतेय. रविवारपर्यंत थांबता येईल. तेवढं पुरेल का, हाही एक प्रश्न आहेच.

दाढ वरची, उजवीकडची पहिली. २००९ मध्ये तिचं रूट कॅनाल करून कॅप बसवली होती. दिवाळीत चकली खाताना ती कॅप दाढेच्या तुकड्यासकट हातात आली. आईने ती कुंकवाच्या डबीत जपून ठेवलीय, डॉक्टर परत चिकटवून देतील म्हणून. पण दाढ हिरडीला लागून मोडली आहे, कॅप बसवायला खाली काही उरलंच नाही. एक्स-रेमध्ये तीन मुळं दिसतात, त्यांची टोकं सायनसच्या, म्हणजे गालामागच्या नाकाला जोडलेल्या पोकळीच्या, तळाला टेकलेली आहेत.

२०२१ मध्ये तिला स्टेंट बसवला आहे. रोज इकोस्प्रिन ७५ चालू असते. मधुमेह आहे, पण आटोक्यात. शेजारच्या काकू ठामपणे सांगताहेत की पाच दिवस आधी इकोस्प्रिन बंद करा, नाहीतर रक्त थांबत नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, हार्टच्या डॉक्टरांना विचारून या. त्यांची वेळ मंगळवारची मिळाली आहे.

आईची खरी भीती वेगळीच आहे. तिच्या मावशीची वरची दाढ काढली आणि वर्षभरात मावशीला दिसेनासं झालं. ते आईने लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. "वरच्या दाढेला हात लावला की नजर जाते" हे तिच्या मनात इतकं पक्कं बसलंय की दोनदा ठरलेली वेळ तिने मोडली. दोन्ही वेळा नंतर सूज आली, गोळ्या झाल्या, पुन्हा तेच.

आणखी एक गोष्ट. आई चाळीस वर्षं मशेरी लावते. डॉक्टरांना तिने हे सांगितलेलं नाही आणि मलाही सांगू देत नाही.

मी इतक्या बारकाईने विचारतेय त्याला कारण आहे. स्टेंटच्या वेळी आम्ही सगळ्यांनी तिला "काही होत नाही गं" एवढंच सांगितलं होतं. मनगटातून तार आत घालतात हे तिला टेबलावर गेल्यावर कळलं. घरी आल्यावर मला म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर मी मन घट्ट करून गेले असते." यावेळी मला तिला सगळं खरं सांगायचं आहे. खुर्चीत बसल्यापासून काय होतं, कुठे दुखतं, कुठे नुसता आवाज येतो? नंतर रक्त किती वेळ येतं? जेवायला काय द्यायचं? घाबरायचं कधी आणि कधी नाही?

~

प्रतिसाद – रानजाई

माझ्या सासऱ्यांची अशीच मोडलेली दाढ काढली होती. त्यांना सर्वांत जास्त कशाने धसका बसला असेल तर आवाजाने. मुळं सुटी करताना काटकी मोडल्यासारखा कट् असा आवाज थेट कानात येतो. दुखत काही नव्हतं, पण त्यांना वाटलं जबडाच मोडला. हे आधी माहीत असतं तर ते खुर्चीत उठून बसले नसते. आईंना हे नक्की सांगा.

खाण्यासाठी गुरगुट्या भात, ताक-भात, गार केलेली पेज, मऊ शिरा. नाचणीचं आंबील आमच्याकडे फार उपयोगी पडलं. नारळपाणी द्या, पण स्ट्रॉने अजिबात नको, ओढून पिताना जखमेतली गुठळी निघून येते.

~

प्रतिसाद – दंतकथा_नव्हे

मी दंतवैद्य आहे. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी इकोस्प्रिन. काकूंचं ऐकून परस्पर बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाची ही गोळी अचानक थांबवण्याचा धोका दाढेतून थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. दाढेचं रक्त दिसतं, त्यावर बोळा दाबता येतो, टाके घालता येतात. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते हातात राहत नाही. एकट्या इकोस्प्रिनवर असलेल्या रुग्णांच्या दाढा बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढतात. तरी शेवटचा शब्द हार्टच्या डॉक्टरांचा. तो तोंडी नको, चिठ्ठीवर लिहून घ्या.

उपाशी नेऊ नका. भूल फक्त जागेपुरती असते. नेहमीच्या वेळी नाश्ता, नेहमीच्या वेळी मधुमेहाची गोळी. सकाळची वेळ मिळाली तर उत्तम.

खुर्चीतलं सांगतो. गालाच्या बाजूचं इंजेक्शन फारसं जाणवत नाही. टाळूतलं मात्र झोंबतं, दहा-पंधरा सेकंद चांगलंच. आईंना हे लपवू नका. नंतर थोडा वेळ छातीत धडधडलं तर लगेच सांगायला सांगा. भुलीच्या औषधात बऱ्याचदा ॲड्रेनॅलिन असतं, त्याने असं होऊ शकतं. पुढे दुखू नये, पण दाब जाणवतो, आणि तो बराच असतो. भूल दुखणं थांबवते, दाब थांबवत नाही. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ होते, म्हणून ओढली की तुकडे पडतात. त्यासाठी पाण्याच्या फवाऱ्याखाली यंत्राने तिचे भाग करून एकेक मूळ काढतात. वरच्या दाढेला गालाकडे दोन मुळं आणि टाळूकडे एक. दुखलंच तर डावा हात वर करायचा, आणखी भूल देता येते. मग टाके, आणि वर कापसाचा बोळा. तो तासभर घट्ट दाबून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचं नाही, बहुतेक जण तिथेच चुकतात.

थुंकायचं नाही, लाळ गिळायची. पहिले २४ तास चूळ नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवून दहा मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, मग उतरते. त्यामुळे शनिवारी गाल मोठा दिसला म्हणून घाबरू नका. लाळेत गुलाबी छटा दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तोंड भरून रक्त येत राहिलं, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, ताप आला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम कानापर्यंत ठणका लागला तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. त्यावर औषध भरून आराम देता येतो, सहन करत बसू नये. घरातली दुसरी कुठली वेदनाशामक गोळी मनाने देऊ नका, हृदयरोग्यांना त्यातल्या काही चालत नाहीत.

मुळं सायनसला टेकली आहेत म्हणून दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. कपालभाती, जलनेती करत असतील तर बंद. पाणी पिताना नाकातून आलं तर त्याच दिवशी कळवा.

मशेरीचं डॉक्टरांना सांगाच. ती तंबाखूच आहे. जखम भरायला ती सर्वांत वाईट.

आता नजर. दिसण्याची नस डोळ्याच्या मागून सरळ मेंदूत जाते, दाढेच्या वाटेवर ती येतच नाही. वरच्या दातांची नस वेगळी. मावशींना मोतीबिंदू असावा असं मला वाटतं. ज्या वयात दाढा जातात त्याच वयात मोतीबिंदूही पिकतो, आणि लोक दोन्हींची सांगड घालतात. पण एक आधीच सांगून ठेवा: इकोस्प्रिनमुळे डोळ्याखाली काळंनिळं होऊ शकतं. ते कातडीखाली उतरलेलं रक्त असतं, आठवडा-दहा दिवसांत पिवळं पडून जातं. हे आधी माहीत नसेल तर आरशात पाहून त्यांची भीती खरी ठरल्यासारखी वाटेल.

~

अपडेट (मूळ धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. झालं एकदाचं.

हार्टच्या डॉक्टरांनी इकोस्प्रिन चालूच ठेवायला सांगितली, चिठ्ठी दिली. बुधवारी रात्री मी दोन्ही प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. टाळूच्या इंजेक्शनचं दोनदा वाचायला लावलं. सकाळी खुर्चीत बसण्याआधी तिने स्वतःच डॉक्टरांना मशेरीचं सांगितलं.

पाऊण तास लागला. कट् आवाज तीनदा आला म्हणाली, आणि प्रत्येक वेळी "हे एक मूळ" असं मनात मोजलं. घरी बोळा दाबून धरून ती घड्याळासमोर बसली. बोलता येत नव्हतं म्हणून कालनिर्णयच्या जुन्या पानामागे लिहून दाखवत होती. पहिला शब्द होता "चहा?". गार करूनही त्या दिवशी दिला नाही, ओठ बधिर होते. संध्याकाळी ताक-भात खाल्ला. रात्री दोन उशा, वर जुना टॉवेल. सकाळी त्यावर हातभर गुलाबी डाग होता, पण तोंडात ताजं रक्त नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी उठले तर ती भिंतीपाशी उभी होती. डावा डोळा तळहाताने झाकून उजव्याने कॅलेंडरवरची बारीक तिथी वाचत होती. मला बघितल्यावर म्हणाली, "दिसतंय." डोळ्याखाली निळं झालंय, आज कडेने पिवळं पडायला लागलंय. आरशात बघते आणि काही बोलत नाही.

मशेरीची डबी तिने काल आपणहून माझ्या बॅगेत ठेवली. पुण्याला घेऊन जा म्हणाली.

टाके पुढच्या गुरुवारी काढायचे आहेत, तेव्हा मी नसेन. टाके काढताना दुखतं का, त्याला पुन्हा भूल देतात का? आई विचारतेय, आणि तिला खरं उत्तर हवंय.