मदत हवी आहे: वणव्याच्या जुन्या टेहळणी मनोऱ्याची नीट नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी सिअ‍ॅटलजवळ राहते. इथल्या कॅस्केड पर्वतरांगेत वणव्यांवर नजर ठेवायला बांधलेल्या लाकडी मनोऱ्यांची डागडुजी करणाऱ्या एका स्वयंसेवी गटात आहे. सुतारकाम येणारी माणसं गटात भरपूर आहेत, दस्तऐवजीकरण मात्र माझ्याकडे आलंय. या मंचावर वाडे-किल्ले मोजलेले वास्तुविशारद आणि पोथ्यांवर काम केलेली मंडळी आहेत, म्हणून विचारते.

१९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं. वणवा लहान असतानाच दिसला पाहिजे, हे धोरण त्यातून पक्कं झालं. पुढे १९३० च्या दशकात, मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकांनी असंख्य मनोरे बांधले. आमचा 'एल-४' नमुन्याचा आहे: १४ बाय १४ फुटांची एकच खोली, चहूबाजूंनी काचा, उचलून टेकू दिला की सावली देणाऱ्या झडपा. मधोमध ऑस्बोर्न फायर फाइंडर, म्हणजे गोल नकाशा आणि त्याभोवती फिरणारी कडी. कडीवर ताणलेल्या घोड्याच्या केसातून धुराचा नेम धरायचा, कोन वाचायचा, फोनवर कळवायचा. दुसऱ्या मनोऱ्यावरून आलेली रेषा जिथे छेदेल तिथे आग! विजा कडाडायला लागल्या की उभं राहायला काचेच्या पायांचं स्टूल असे. मला हे सगळं फार मोलाचं वाटतं. विमानं आली आणि मनोरे ओस पडले. कित्येक तर वनखात्यानेच जाळून टाकले. वॉशिंग्टन राज्यात एकेकाळी ६०० हून जास्त होते, आज १०० सुद्धा उरलेले नाहीत.

आता अडचणी. मनोरा संरक्षित रानात आहे, तिथे ड्रोन आणि यंत्रं चालत नाहीत. हा नियम हलक्यात घेता येत नाही. ग्रीन माउंटनवरच्या १९३३ सालच्या मनोऱ्याच्या दुरुस्तीत हेलिकॉप्टर वापरलं म्हणून प्रकरण कोर्टात गेलं, २०१२ मध्ये तो हटवण्याचा आदेश निघाला आणि २०१४ मध्ये संसदेने खास कायदा केला तेव्हा कुठे तो वाचला. त्यामुळे आमच्याकडे टेप, ओळंबा आणि फोन एवढंच. फोनमधलं लायडार (लेसरने अंतर मोजणारी सोय) काचांवर भरवशाचं नाही. चारही भिंती जवळपास काचेच्याच असताना खोली तिरकी झालीय का, किती झालीय, हे हाताने कसं मोजाल? नुसते कर्ण पुरतील का?

दुसरं, १९३३ ते १९३५ च्या दरम्यान अशा ठिकाणांहून १२० अंशांचे तीन-तीन फोटो घेऊन पूर्ण वर्तुळ टिपलेलं आहे. त्याच बिंदूवरून आजचे फोटो घ्यायचेत, पण कॅमेरा छपरावर होता की शेजारच्या खडकावर, हे कसं ओळखायचं? कोणी किल्ल्यांच्या जुन्या छायाचित्रांवर असं काम केलंय का?

सर्वांत तातडीचं म्हणजे इथे पूर्वी पहारा केलेल्या एका आजींच्या घरी त्यांच्या रोजनिशा आहेत. पेन्सिलीने लिहिलेल्या, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, काही पानं बुरशीने चिकटलेली. स्कॅन करण्याआधी ती पानं सोडवायची कशी? की हात न लावता थेट तज्ज्ञाकडेच न्यायची? आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, बोलायला उत्सुक आहेत. त्यांच्यासमोर नकाशा ठेवून बोलतं करावं की आधी मोकळं बोलू द्यावं, याबद्दल मौखिक इतिहासाचं काम केलेल्यांनी जरूर सांगा.

वरची वाट जुलैत बर्फ वितळल्यावरच उघडते. रोजनिशांचं मात्र याच महिन्यात काहीतरी करायचंय, त्यामुळे आधी त्याबद्दल लिहिलंत तर फार बरं होईल.