आयर्लंडच्या आरटीईचा घोटाळा दाखवून आकाशवाणीला कुलूप? मला नाही पटत

मागावरचा
काल जुळेसोलापूरकर यांनी इथं लिहिलं की आयर्लंडच्या आरटीईनं, म्हणजे तिथल्या सार्वजनिक रेडिओ-टीव्ही संस्थेनं, लोकांच्या पैशाचा खेळ केला, लोकांनी टीव्हीचं परवाना शुल्क भरणं सोडलं, तसंच आपणही आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा सरकारी पैसा बंद करावा, रेडिओ आता ऐकतो कोण. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

तिथं झालं ते पूर्ण सांगा ना. जून २०२३ मध्ये उघड झालं की रायन टब्रिडी या त्यांच्या सगळ्यात महागड्या निवेदकाला २०१७ ते २०२२ मध्ये जाहीर आकड्यापेक्षा ३,४५,००० युरो जास्त मिळाले. त्यातला काही पैसा बार्टर खात्यातून गेला, म्हणजे जाहिरातीच्या बदल्यात वस्तू घ्यायच्या त्या खात्यातून. त्याच खात्यातून एका पार्टीसाठी २०० जोड चपला, जवळपास ५,००० युरोंच्या! घरटी वर्षाला १६० युरो शुल्क भरणारा माणूस पेटणारच. महासंचालिकांना जावं लागलं, संसदेच्या समितीनं अधिकाऱ्यांना सगळ्या देशासमोर उलटसुलट प्रश्न विचारले. आणि पुढं? २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं तीन वर्षांसाठी ७२.५ कोटी युरो मंजूर केले. कुलूप नाही लावलं. एवढंच तुम्ही गाळलंत.

माझे वडील यंत्रमागावर होते. मागाच्या खडखडाटात रेडिओ ऐकू यायचा नाही, पण पाळी सुटली की कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर बातम्या ऐकूनच घरी यायचे. वाचता येत नव्हतं त्यांना. जगाचं जे काही कळलं ते त्या डब्यातून.

जुळेसोलापूरकर
मालक, वडिलांबद्दल आदर आहे. पण पैशाचं उत्तर पैशात द्या. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं प्रसार भारतीच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. ऑक्टोबर २००७ च्या आधी लागलेल्यांचे पगार सरकारच देतं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या प्रक्षेपणाचं २४६ कोटींचं कंत्राट आठवतंय का? चौकशीला शुंगलू समिती नेमावी लागली, प्रसार भारतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी निलंबित झाले. तेव्हा सोलापुरात एकानं तरी विचारलं का, माझे पैसे कुठं गेले?

विचारणार कसं? आपल्याकडं रेडिओचं लायसन्स १९८५ ला गेलं. आजोबा पोस्टात पुस्तक घेऊन रांगेत उभे राहायचे, तेव्हा कळायचं की आपण पैसे देतोय. आता ते करातून जातात, दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याचा राग येत नाही.

ताळेबंद_काका
हिशेबच नाही अशा थाटात लिहू नका. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून. कलम २१ खाली कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक, लेखापरीक्षण करतं आणि अहवाल संसदेच्या पटलावर जातो. चाळीस वर्षं लेखापरीक्षणात काढली आहेत मी. कागद असतात. वाचायचा कंटाळा तुमचा आहे.

पद्मा_अशोकचौक
काका, लेखापरीक्षण हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्या सासऱ्यांची ठेव एका पतसंस्थेत होती. विडी कारखान्यातून सासूबाईंना मिळालेले पैसेसुद्धा तिथंच. दरवर्षी ऑडिट वर्ग 'अ', म्हणजे सगळ्यात चांगला. वार्षिक सभेत अहवाल वाचायला सुरुवात झाली की मागून 'मंजूर, मंजूर' ओरडायचं आणि जेवणाची पंगत बसायची. सासरे पण ओरडायचे, तेच सांगत होते. एक दिवस शटर खाली. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी आम्ही दागिना मोडला. तो 'अ' वर्ग कुठं गेला तेव्हा?

ताळेबंद_काका
ताई, सरसकट सगळ्यांना एका मापानं मोजू नका. दिलेल्या कागदांवरच तपासणी होते. खोटे कर्जदार उभे केले तर...

पद्मा_अशोकचौक
तर तुम्ही कशाला? कागद खरे आहेत की खोटे, हेच तर बघायचं असतं की!

कांदेवाला_मोहोळ
आमची बी ठेव बुडाली, दुसऱ्या संस्थेत. संचालकाच्या पोरीच्या लग्नात आम्ही हजार माणसं जेवलो, नंतर कळलं ते जेवण आमचंच होतं. ताई बरोबर बोलतात.

ताळेबंद_काका
माझ्या सहीनं एक संस्था 'ड' या सगळ्यात खालच्या वर्गात गेली होती. घरासमोर येऊन दोघांनी शिव्या घातल्या, मुलगी तेव्हा दहावीला होती. सही बदलली नाही. म्हणून राग आला मला. तुमचा पैसा गेला त्याला माझ्याकडं उत्तर नाही, तेवढं मान्य करतो.

मागावरचा
विषय पतसंस्थेवर गेला, पण गेला ते बरं झालं. आरटीईचे हिशेबही दरवर्षी तपासले जात होतेच की. निवेदकांच्या मानधनाची यादी छापली जायची. यादीतला आकडाच खोटा निघाला, म्हणून माणसं एवढी पेटली. काही छापलंच नसतं तर इतका संताप झाला नसता. पण पतसंस्था बुडाली म्हणून पद्माताई घरात पैसे पुरून ठेवतात का?

पद्मा_अशोकचौक
ठेवते. डाळीच्या डब्यात. पण रेडिओ बंद करा असं मी कुठं म्हटलं? मला समजेल अशा भाषेत हिशेब द्या, एवढंच.

जुळेसोलापूरकर
मग ऐकणारे किती ते तरी सांगा. माझ्या घरात रेडिओच नाही.

कांदेवाला_मोहोळ
तुमच्या घरात नसंल. लिलावाला कांदा घालायच्या आधी पाऊस कुठं लागला ते मला पाहिजे असतंय. मोबाईलवर दहा ग्रुप, दहा भाव, दहा हवामान. त्यातलं खोटं कुठलं हे कळेपर्यंत गाडी सोलापूरच्या यार्डात पोचती.

जून २०२३ ला पुण्याचा आकाशवाणीचा वृत्त विभाग हलवायचा हुकूम निघाला, तवा सकाळच्या ७.१० च्या बातम्यांसाठी माणसं ओरडली आणि दिल्लीला हुकूम थांबवावा लागला. कुणी ऐकत नव्हतं तर ओरडलं कोण? पुण्याचं म्हणून ऐकलं, सोलापूरचं असतं तर ऐकलं असतं का, ही शंका मला हायच. उजनी धरणाच्या पाण्याचं बघितलंय आम्ही.

जुळेसोलापूरकर
उजनी नको आता, रात्र पुरायची नाही. ठीक आहे. 'बंद करा' हा शब्द मागं घेतो. आनंदानं नाही. पण आपल्या सोलापूर आकाशवाणी केंद्रावर वर्षाला किती खर्च होतो, त्यातला कार्यक्रमांवर किती आणि इमारत, वीज, पगारावर किती, जाहिरातीतून किती येतं, हे कळल्याशिवाय 'चालू ठेवा' असंही मी म्हणणार नाही.

मागावरचा
हे चारही आकडे मलाही पाहिजेत. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, उत्तराला तीस दिवस. ताळेबंद काका, प्रश्न कसे मांडले म्हणजे उडवाउडवी करता येणार नाही, ते सांगाल?

ताळेबंद_काका
सांगतो. 'एकूण खर्च' असं मोघम विचारू नका, शीर्षनिहाय मागा, म्हणजे पगार, वीज, कार्यक्रम असा वेगवेगळा. मागच्या तीन वर्षांचा, दर वर्षाचा वेगळा. प्रत्यक्ष झालेला खर्च मागा, अंदाजपत्रकातला नको. मसुदा रविवारी पाठवतो.

पद्मा_अशोकचौक
उत्तर आलं की इथंच टाका. आणि काका, सोप्या मराठीत समजावून द्या. मी 'मंजूर' म्हणणार नाही.